नाव एक, इंटरफेस दोन

पोर्टलेट हा शब्द आता फारसा कानावर येत नाही. मात्र 2010 च्या सुमारास पुण्यातल्या ज्या कंपनीत मी काम करत होतो, तिथे आमचा सारा दिवस त्यातच जाई. एका पानावर सूचनाफलक, शिल्लक रजा, दूरध्वनी-सूची असे चौकोन मांडायचे आणि प्रत्येक चौकोन स्वतंत्र वॉर फाइल (जावा वेब ॲप्लिकेशनचा एक गठ्ठा) म्हणून सर्व्हरवर चढवायचा, अशी ती रचना होती. असा एक चौकोन म्हणजे पोर्टलेट, आणि ते सगळे एकत्र मांडणारी साइट म्हणजे पोर्टल. पोर्टल आणि पोर्टलेट यांनी एकमेकांशी कसे बोलायचे हे 2003 मध्ये जेएसआर 168 या जावाच्या मानकाने ठरवले आणि 2008 मध्ये जेएसआर 286 ने त्यात भर घातली. आमचे पोर्टल टॉमकॅट 6 या जावा सर्व्हरवर, पोर्टलेट चालवणाऱ्या अपाची प्लूटोच्या आधाराने चालत असे.

सूचनाफलकाची नवी आवृत्ती चढवली तेव्हा टॉमकॅटच्या लॉगमध्ये तक्रारीची एकही ओळ नव्हती. पानावर मात्र फलकाच्या जागी रिकामा चौकोन दिसत होता, आणि पोर्टलच्या लॉगमध्ये क्लासकास्टएक्सेप्शन ही त्रुटी होती: आमचा क्लास ‘पोर्टलेट’ या इंटरफेसमध्ये (क्लासने पाळायच्या करारात) कास्ट होत नाही, म्हणजे त्या प्रकारचा मानला जात नाही. आमचा क्लास तर थेट जेनेरिकपोर्टलेट या तयार मूळ क्लासचा वारस होता, आणि जेनेरिकपोर्टलेट तो इंटरफेस पाळतोच. जो पोर्टलेट आहे तो पोर्टलेट नाही, असे सर्व्हर शांतपणे सांगत होता.

पहिले दोन तास मी वेब.एक्सएमएल आणि पोर्टलेट.एक्सएमएल या मांडणीच्या फाइली उलटसुलट तपासण्यात घालवले. पोर्टलेटला हाक मारणाऱ्या प्लूटोच्या इन्व्होकर सर्व्हलेटचे मॅपिंग जागेवर होते, एका ॲप्लिकेशनला दुसऱ्यापर्यंत पोहोचू देणारे क्रॉसकॉन्टेक्स्टही ‘ट्रू’ होते. खरे तर क्रॉसकॉन्टेक्स्ट राहून गेले असते, तर पोर्टलला आमचे ॲप्लिकेशन सापडलेच नसते; कास्टिंगच्या तक्रारीचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्रुटीचा मजकूर नीट वाचला असता, तर ते दोन तास वाचले असते.

जावामध्ये क्लासची ओळख केवळ त्याच्या नावाने ठरत नाही. तो कोणत्या क्लासलोडरने (क्लास शोधून आत आणणाऱ्या भागाने) आणला, हेही त्या ओळखीत धरले जाते. सातबाऱ्यावर नाव तेच असले तरी गट क्रमांक वेगळा असेल, तर जमीन वेगळी, तसाच हा प्रकार. प्लूटोच्या जार (क्लासचे गठ्ठे असलेल्या फाइली) टॉमकॅटच्या सामाईक लिब फोल्डरात असतात, कारण पोर्टल आणि सगळे पोर्टलेट यांना एकच इंटरफेस दिसला पाहिजे. पण टॉमकॅटचा वेब ॲप्लिकेशनचा क्लासलोडर जावाच्या नेहमीच्या रिवाजाविरुद्ध आधी स्वतःच्या वेब-इन्फमध्ये, म्हणजे वॉरमधल्या फोल्डरात, शोधतो आणि मग वरच्याकडे जातो. तिथे पोर्टलेट एपीआयची (पोर्टलेटचे इंटरफेस असलेल्या जारची) दुसरी प्रत पडलेली असेल, तर आमचा क्लास त्या प्रतीतला इंटरफेस धरतो आणि प्लूटो सामाईक प्रतीतला मागतो. सर्व्हलेट एपीआयची जार चुकून वॉरमध्ये गेली, तर टॉमकॅट ती ओळखतो, लॉगमध्ये तसे लिहितो आणि ती लोड करत नाही. पोर्टलेट एपीआयसाठी असा पहारा नाही.

हे कळल्यावर मी वॉरच्या वेब-इन्फमधले लिब फोल्डर उघडून ‘पोर्टलेट-एपीआय-2.0’ या नावाची जार शोधली. ती नव्हती, आणि नसणारच होती, कारण मेव्हन या बिल्ड-साधनाच्या पॉम फाइलमध्ये तिचा स्कोप आम्ही ‘प्रोव्हायडेड’ (सर्व्हर देईल, वॉरमध्ये घालू नको) ठेवला होता. फलक काढणाऱ्या डूव्ह्यू मेथडमध्ये तपासणीसाठी एक तात्पुरती ओळ घालणेही शक्य नव्हते, कारण तिथपर्यंत अंमल जातच नव्हता. म्हणून त्याच वॉरमधल्या एका साध्या जेएसपी पानात पोर्टलेट इंटरफेसचा कोडसोर्स, म्हणजे तो कोणत्या फाइलीतून आला हे, छापला. उत्तरात आमच्याच वेब-इन्फमधल्या जारचा पत्ता आला: ‘पोर्टलेट-एपीआय_2.0_स्पेक-1.0’. आमच्याच दुसऱ्या गटाच्या सामाईक लायब्ररीने तोच एपीआय अपाची पोर्टल्सच्या ग्रुप आयडीखाली (मेव्हनमधल्या प्रकाशकाच्या ओळखीखाली) ओढून आणला होता. आतले क्लास तेच, पण ग्रुप आणि नाव वेगळे असल्याने मेव्हनच्या लेखी या दोन निराळ्या वस्तू, त्यामुळे आमचा ‘प्रोव्हायडेड’ तिला लागूच झाला नाही. डिपेन्डन्सी ट्रीमध्ये (कोण कोणाला ओढून आणते त्या यादीत) ती तिसऱ्या पातळीवर निवांत बसली होती.

ती जार वगळणारे एक्सक्लूजन घातले, वॉर पुन्हा बांधली, टॉमकॅट बंद करून फाइल बदलली, चालू केला, आणि तीच त्रुटी पुन्हा समोर. त्या क्षणी माझा सगळ्या तर्कावरचा विश्वास उडाला होता, हे कबूल करतो. कारण अगदी क्षुल्लक निघाले: सर्व्हर बंद असताना वॉर बदलली, तर त्या काळचा टॉमकॅट वेबॲप्समधले आधी उलगडलेले फोल्डर तसेच वापरत असे. फोल्डर हाताने काढून टाकल्यावर रात्री साडेनऊला फलक उमटला. त्यावर सर्वांत वर त्याच संध्याकाळच्या पाणीकपातीची सूचना होती.

दुसऱ्या दिवशी बिल्डमध्ये एक छोटी तपासणी जोडली. वॉरमधली प्रत्येक जार उघडायची, आणि जारचे नाव काहीही असो, आत पोर्टलेट इंटरफेसची क्लास फाइल सापडली की बिल्ड थांबवायचे. चार महिन्यांनी ती तपासणी पहिल्यांदा अडली, रजेच्या पोर्टलेटवर, आणि त्या जारच्या नावात ‘पोर्टलेट’ हा शब्दसुद्धा नव्हता.