चाळीस नऊ

मंगळवार, रात्री साडेदहा

आज रात्रीच्या वर्गाला आठच पोरं आली. वहीत नावं तेवीस आहेत. सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा) होऊन महिना उलटलाय, वेचणी जोरात आहे, तेव्हा कुरकुर करण्यात अर्थ नाही. दिवसभर कमरेला ओटी बांधून कापूस वेचलेलं पोरगं रात्री साडेसातला सतरंजीवर येऊन बसतं, हेच खूप झालं. बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली असतात. मोबाईलची काच त्या बोटांना नीट ओळखत नाही, मग पोरं करंगळीनं उत्तर दाबतात.

जागा प्रार्थना मंदिराची. गुरुदेव मंडळाची सामुदायिक प्रार्थना आटोपली की हॉल आमचा, सतरंज्याही त्यांच्याच. अट एकच, चपला बाहेर ओळीत.

बाकी सगळा संसार एका जुन्या लॅपटॉपवर चालतो. त्यात कोलिब्री नावाचं, नेटशिवाय चालणारं शिकण्याचं सॉफ्टवेअर टाकलंय. यवतमाळला बहिणीकडे गेले की तिच्या वायफायवर धडे, सराव, स्टोरीवीव्हर या साइटवरच्या मराठी गोष्टी उतरवून आणते. गावात मग नेट लागत नाही. लॅपटॉप आणि राऊटर चालू केला की आजूबाजूचे पाच-सहा मोबाईल त्याला जोडले जातात. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडमागचे, दीक्षा या सरकारी ॲपवरचे व्हिडिओ माझ्या मोबाईलमध्ये उतरवलेले असतात. लाईट गेली तर राऊटर पॉवर बँकेवर, आणि लॅपटॉप जीव असेतोवर. या सगळ्यात एक रुपयाचाही डाटा जात नाही, हे पोरांच्या बापांना पटवायला मला महिना लागला. मोबाईल बापाचाच. तो वावरातून परत आला की शाळा भरते.

आज लिहायला बसले ते चिमीसाठी. (खरं नाव वेगळं.) पाचवीत आहे. माझ्या मोबाईलवरच्या एका सरावाच्या ॲपनं तिला दोन आठवड्यांपासून दुसरीच्या धड्यांवर नेऊन ठेवलंय. चुकलं की सोपं द्यायचं, परत चुकलं की आणखी सोपं, असा त्याचा हिशेब. रिपोर्टमध्ये तिच्या नावापुढे लालच लाल. मीही तो रिपोर्ट बघून वहीत लिहून मोकळी झाले होते: ‘गणित कच्चं.’ लिहिताना तिच्या शेजारी पाच मिनिटंही बसले नव्हते.

आज पोरं कमी, म्हणून बसले. ॲपमधली बाई म्हणाली, ‘एकोणपन्नास.’ खाली चार आकडे. चिमीनं ५९ दाबलं. लाल. पुन्हा तेच, पुन्हा ५९. तिसऱ्यांदा लाल झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, थे बाई पन्नास म्हणते, मी पन्नासवालं दाबतो, तरी चूक दाखवते. तिचंच चुकून रायलं.”

मी काय बोलणार! ऐकू तर पन्नासच येतं. आणि एकोण म्हणजे नऊ, एवढं तिनं आपलं आपण शोधून काढलं होतं. पन्नास आणि नऊ, झाले एकोणसाठ. चुकीतही पोरीचं तर्कशास्त्र पक्कं.

मग मला तिची दुसरी वही दिसली. दप्तरातली नाही, फ्रॉकच्या खिशातली, घडी घालून मऊ झालेली. माय आणि मावशीच्या वेचणीचा हिशेब ती ठेवते. संध्याकाळी काट्यावर गाठोडं लटकतं, आकडा उमटतो, ही लिहून घेते. कालच्या तारखेला मायचे ४९ किलो, मावशीचे ३८. भाव नऊ रुपये.

“हा किती आकडा?” मी विचारलं.

“चाळीस नऊ.”

“मग पैसे किती झाले?”

“चारशे चाळीस एक. मुकादम चारशे तीस देऊन रायला होता, मी भांडलो.”

कसं काढलं विचारलं तर माझ्याकडे जरा कीव करूनच पाहिलं. दहाचा भाव असता तर चारशे नव्वद. भाव नऊचा, म्हणजे किलोमागे एक रुपया कमी. चाळीस नऊ रुपये काढून टाकले. पाटी नाही, पेन्सिल नाही, नऊचा पाढा तर तिला येतच नाही.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. विधानसभेत त्यावर चिमटे निघाले. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की जुनी पद्धत काढलेली नाही, जोडाक्षरांनी अडखळणाऱ्या मुलांसाठी सोपी वाट दिली आहे. मी तेव्हा डी.एड. करत होते. आम्ही मैत्रिणी एकमेकींना ‘पन्नास दोन’ म्हणून चिडवायचो, बसच्या तिकिटावरूनसुद्धा. आज त्या हसण्याची थोडी लाज वाटली. बावन्न, त्रेपन्न माझ्या कानाला गोड लागतात, ते जाऊ नयेत असं अजूनही वाटतं. पण ते मला घरात ऐकून आले. चिमीच्या घरी आकडे बोलतो तो काटा, आणि तो मुका आहे.

तिला एकोण कसं सांगावं? एक ऊन, ऊन म्हणजे कमी, असं सुरू केलं तर दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन म्हटल्यावर आमच्याकडे दुसरं काय आठवणार! मग तिचाच हिशेब पुढे केला. “तू नऊचा भाव कसा काढला? दहा धरले अन् एक कमी केला. जुन्या लोकांनी तुह्यासारखंच केलं. पन्नास धरले अन् एक कमी केला. एकोणपन्नास.”

थोडा वेळ ओठ हलत राहिले. मग करंगळीनं ४९ दाबलं. हिरवं. पुढचं एकोणतीस, हिरवं. एकोणऐंशीला अडखळली, बोटं मोजली, हिरवं. बाजूचा तिसरीतला पोट्टा आपला मोबाईल सोडून हिच्याच मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. एकोणनव्वदही बरोबर आलं.

तेवढ्यात लॅपटॉपनं मान टाकली. लाईट कधीचीच गेली होती, आमच्या लक्षात आलं नव्हतं. मोबाईलच्या उजेडात चपला शोधत पोरं पांगली. चिमी पायरीवरून परत आली.

“ताई, मंग नव्व्याण्णवले एकोणशंभर काऊन नाही म्हणत?”

उद्या सांगते म्हटलं. आता तासभर झाला, शोधतेच आहे.