‘पाल्य म्हंजी कोण?’ : शाळेची सूचना घरोघर पोचवताना आलेला माझा अनुभव

2023 ची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सकाळी शाळेच्या फाटकाशी आमच्या शेजारच्या आजी दोन नातवंडांना घेऊन उभ्या होत्या. नात चौथीला, नातू दुसरीला. आई-बाप आठवड्यापूर्वीच टोळीबरोबर साताऱ्याकडं ऊसतोडीला गेलेले. गेल्या साली पोरांचं दोन वेळचं जेवण शाळेत होत होतं, औंदाही होईल, या भरवशावर आजींनी दोघांना ठेवून घेतलं होतं. सरांनी हंगामी वसतिगृहाची यादी काढली. दोघांचीही नावं त्यात नव्हती.

“आजी, मुदत संपली. आम्ही ग्रुपवर सूचना टाकली होती.”

आजींनी कमरेच्या पिशवीतून बटणांचा साधा फोन काढला आणि सरांपुढं धरला. “ह्याच्यात आलती का?”

मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते आणि शेजारीच उभी होते. ज्या ठरावाला चौदा मुलांची यादी जोडून गेली, त्याच्यावर माझी सही होती. चौदाच नावं कशी, हे मी सही करताना विचारलं नव्हतं. बाकीचे मुलांना सोबत नेत असतील असं धरून चालले. त्या फाटकाशी ते मला फार लागलं. पुढचे तीन महिने मी जे केलं ते त्यामुळंच.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, पट बासष्टचा, शिक्षक दोन. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेले कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी साताऱ्याकडं, कुणी कर्नाटकात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, गावात म्हातारी माणसं आणि लेकरं. ही लेकरं आई-बापामागं उसाच्या फडात जाऊ नयेत म्हणून हंगामी वसतिगृह असतं. नाव वसतिगृह असलं तरी आमच्याकडं मूल आजी-आजोबांच्या घरीच झोपतं. सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत होतं, स्वयंपाक गावातल्याच बायका करतात, दुपारी शाळेची खिचडी असतेच. आजीच्या चुलीवरचा भार उतरला की पोर गावात राहतं, इतका साधा हिशोब आहे. पण त्यासाठी स्थलांतराआधी नाव नोंदवावं लागतं, संमतीपत्र द्यावं लागतं आणि समितीच्या ठरावासह प्रस्ताव वेळेत तालुक्याला जावा लागतो.

त्या दिवशी घरी आल्यावर मी ग्रुपवरची सूचना शोधून काढली. एका तिरप्या फोटोत ती होती: “स्थलांतरित होणाऱ्या पालकांनी आपल्या पाल्याचे हंगामी वसतिगृहाकरिता संमतीपत्र, आधार कार्डच्या छायांकित प्रतीसह, विनाविलंब कार्यालयात सादर करावे. मुदतीनंतर प्राप्त प्रस्तावांचा विचार केला जाणार नाही.” संध्याकाळी आजींच्या ओसरीवर बसून मी ती मोठ्यानं वाचली. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पाल्य म्हंजी कोण गं बाई?”

मी म्हणाले, “तुमची नात आणि नातू.”

“मंग तसं लिवायचं की.”

छायांकित प्रत म्हणजे झेरॉक्स, हेही मला सांगावं लागलं. आजींचं ते वाक्य पुढं प्रत्येक कागद लिहिताना माझ्या कानात होतं.

दुसऱ्या दिवशी सरांकडून पालकांच्या नंबरांचं रजिस्टर मागून घेतलं आणि शाळेच्या व्हरांड्यात बसून एकेक नंबर लावला. सरांनी माझ्यासमोर खुर्ची आणून ठेवली, अडवलं नाही, हे मुद्दाम लिहिते. बासष्ट मुलं, घरं शेहेचाळीस. फोन उचलला गेला तो एकोणीस घरांत. काही नंबर रिचार्जअभावी बंद पडलेले, दोन नंबर दुसऱ्याच माणसाला गेलेले, एक नंबर तर तीन मुलांपुढं तोच होता आणि तो होता बंजारा तांड्यावरच्या दुकानदाराचा. मुलाचा दाखला भरताना घाईत दिलेला नंबर, तो पुन्हा कुणी तपासलाच नव्हता. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये होते बावीस जण, त्यातही बायका फक्त चार. फोन बापाच्या खिशात, बाप फडात, आणि फडात चार्जिंग नाही. लेकराचं सगळं बघणारी आई किंवा आजी, तिच्यापर्यंत सूचना पोचायला वाटच नव्हती.

मग मी तालुक्याला, पंचायत समितीत गेले. कुणाचं नाव घेऊन बोट दाखवायचं नाही, म्हणून तालुका सांगत नाही. तिथल्या साहेबांनी सांगितलं की पत्र केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या केंद्रशाळेला, पाठवलं, केंद्रानं शाळेला दिलं, शाळेनं पालकांना कळवलं, म्हणजे कळवण्यात कसूर नाही, आणि मुदत गेली ती गेली. मी तोंडी बोलून परत आले, ही माझी पहिली चूक. आठवड्यानं पुन्हा गेले तर मी आले होते याचा कुठं मागमूस नव्हता. त्यानंतर मी कुठलीही गोष्ट तोंडी केली नाही. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि तारीख, ती प्रत आपल्या पिशवीत. ज्यांना या कामात पडायचं आहे त्यांना हे मी हात जोडून सांगते: पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

बचत गटाच्या कामात एका ताईंकडून माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा ते मी शिकले होते. 2005 चा कायदा आहे. आपल्या राज्यात अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करायचा, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ. मी तीनच गोष्टी मागितल्या. वसतिगृहाच्या प्रस्तावाचं पत्र कुठल्या कार्यालयातून कुठल्या तारखेला निघालं आणि पुढं कधी मिळालं. आमच्या गावाच्या स्थलांतर सर्वेक्षणात किती मुलांची नोंद आहे. प्रस्तावात किती मुलं आहेत. “का” असं कुठंही विचारलं नाही, कारण कारणं मागितली की उत्तर टाळायला जागा मिळते. कागद मागावा. कारण काय ते कागदातून आपोआप कळतं.

उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. सत्ताविसाव्या दिवशी टपालानं चार पानं आली. मी चुलीजवळ बसून ती दोनदा वाचली. जिल्ह्यावरून पत्र निघालं तेव्हा मुदतीला बारा दिवस होते. तालुक्याला, केंद्राला, शाळेला असं थांबत थांबत ते आमच्या ग्रुपवर पडलं तेव्हा तीन दिवस उरले होते, आणि त्यातला एक रविवार. दुसऱ्या पानावर सर्वेक्षणाचा आकडा होता: एकतीस. शिक्षकांनीच सप्टेंबरात घरोघर फिरून ही एकतीस नावं लिहिली होती. म्हणजे कोणाची लेकरं मागं राहणार हे सरकारी कागदावर आधीपासून होतं, आणि तरी ज्यांचे कागद आले त्या चौदांचाच प्रस्ताव गेला. उरलेल्या सतरा घरी जाऊन “तुमचं संमतीपत्र राहिलंय” असं सांगायला कुणी गेलं नाही. मीही नाही.

या सरांवर सगळा राग काढणं मला पटत नाही. दोन माणसं चार वर्ग शिकवतात, त्यात ऑनलाइन माहिती भरायची, आधार जुळवायचे, खिचडीचा हिशोब ठेवायचा. वरून पत्र आलं की ते ग्रुपवर ढकलून पुढचं काम हातात घ्यावं लागतं. पण ढकललं म्हणजे पोचलं असं सगळ्या पायऱ्यांवर धरलं जातं, आणि शेवटच्या पायरीवर आजी उभी असते.

शिक्षण हक्क कायद्याचं, म्हणजे 2009 च्या कायद्याचं, कलम 32 मला या खटपटीत कळलं. मुलाच्या हक्काबद्दल तक्रार असेल तर स्थानिक प्राधिकरणाकडं, म्हणजे जिल्हा परिषद किंवा पंचायतीसारख्या संस्थेकडं, लेखी द्यायची, आणि त्यांनी दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. त्याच कायद्याच्या कलम 9 मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश बघणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. मी समितीची बैठक बोलावली. इथंही अडचण आली: समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका असतात खऱ्या, पण आमचे पाच सदस्य स्वतःच फडात होते. उरलेल्यांनी ठराव केला, सरांनी सचिव म्हणून सही केली, माहिती अधिकाराची पानं जोडली आणि सतरा नावांची पुरवणी यादी तक्रारीसोबत दिली. पोच घेतली.

तीन महिने लागले नाहीत. चौदा दिवसांत आम्हाला बोलावलं. मी आजींनाही सोबत नेलं, कारण आई-बाप नसताना लेकराच्या पालक त्याच. साहेबांनी पानं चाळली, सर्वेक्षणाच्या आकड्यावर बोट ठेवून थोडा वेळ गप्प राहिले, आणि पुरवणी प्रस्ताव वर पाठवायला सांगितला. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मंजुरी आली.

तोवर सतरांतली नऊ लेकरं गावात उरली नव्हती. आजींची नात त्यांत होती. डिसेंबरात बाप एका रात्री येऊन तिला घेऊन गेला, कारण आजीला दोघांचं रांधणं झेपेना आणि तिकडं कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, धाकट्या बाळाला धरायला कुणी नव्हतं. नातू राहिला आणि जेवणाला येऊ लागला. पंगतीत तो ताटाशेजारी थोडी जागा मोकळी सोडून बसायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “ताई येनार हाय ना.” ती एप्रिलात आली. चौथीचं अर्धं वर्ष बुडालं होतं.

जातानाच तिच्या हातात शिक्षण हमी पत्रक दिलं असतं तर निदान तिकडच्या शाळेत बसली असती. बाहेरगावी जाणाऱ्या मुलाला शाळा ते देते, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेत ते दाखवून वर्गात बसता येतं. कायद्याच्या कलम 5 नंही दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे तिच्या बापाला माहीत नव्हतं. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

2024 ला आम्ही घटस्थापनेच्या आधीच सुरुवात केली. पालक सभा दुपारी दोनला ठेवायची सवय मोडली. दोनला माणूस रानात असतो. सभा रात्री आठला घेतली, एक शाळेत आणि एक तांड्यावर. नंबरांची नवी वही केली आणि प्रत्येक मुलापुढं तीन रकाने आखले: आई-बाप, गावात मागं राहणारं माणूस, आणि मुकादम. मुकादमाचा नंबर घ्यायला काहींनी कुरकुर केली, पण टोळीत ज्याचा फोन हमखास चालू असतो तो त्याचाच. सूचना फोटोतून पाठवणं बंद केलं. सर पत्र वाचून मला सांगतात, मी बोलीत एक मिनिटाचा आवाज भरते: कशाचं काम आहे, कोणते कागद, कुठल्या वारापर्यंत, कुणाला भेटायचं. तांड्यासाठी तोच निरोप कॉलेजात जाणारी एक मुलगी गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, सांगते. ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांना आम्ही दोघी-तिघी फोन लावतो. देवळाच्या भोंग्यावरून सकाळी एकदा, आणि किराणा दुकानाच्या भिंतीवर ठळक अक्षरात एक कागद. त्यावर “पाल्य” नाही, “तुमचं लेकरू” लिहिलेलं असतं. सरांना आधी ते शाळेच्या कागदाला शोभेल का असं वाटलं होतं. आता तेच लिहितात.

त्या साली प्रस्तावात एकोणतीस मुलं गेली. सहा जण आई-बापाबरोबर गेले, सहाही जणांच्या दप्तरात हमी पत्रक होतं. डिसेंबरात सांगलीकडून एका बापाचा फोन आला, तिथल्या शाळेत दाखला मागतात म्हणून. मी म्हटलं, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात पिवळ्या पिशवीत कागद आहे, तो गुरुजींना दाखवा आणि फोन त्यांच्याकडं द्या. पाच मिनिटं बोलणं झालं. पोरगा दुसऱ्या दिवसापासून बसला.

आजींची नात आता पाचवीला शेजारच्या गावात जाते, एसटीनं. माझी अध्यक्षपदाची दोन वर्षं संपली, वही मात्र अजून माझ्याकडंच आहे. तिच्यात चार घरं अशी आहेत, ज्यांच्यापुढचे तिन्ही रकाने कोरे आहेत. त्यांच्यापुढं मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: “शनिवारी, पाण्याच्या टाकीवर”. ती माणसं मला तिथं भेटतात.