जाऊबाईंचे निराधार अनुदान: अर्जापासून खात्यापर्यंतचा माझा अनुभव

घरातला कर्ता माणूस गेला की कोरडवाहू भागातल्या कुटुंबाला सर्वांत आधी टंचाई जाणवते ती रोख पैशाची. धान्य शिधापत्रिकेवर मिळते, मुलांना शाळेत दुपारचे जेवण मिळते, शेजारीपाजारी काही दिवस हातभार लावतात. पण दवाखान्याची फी, वीजबिल, वह्या, तालुक्याला जाण्याचे भाडे यांसाठी पैसाच लागतो आणि तो नसला की व्याजाने काढावा लागतो. माझे थोरले दीर २०२२ च्या अखेरीस वारले. मागे जाऊबाई, नववीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि दीड एकर जमीन राहिली. मी बारावीपर्यंत शिकलेली असल्याने त्यांच्या निराधार अनुदानाचे सगळे कागदपत्र माझ्याकडे आले. आमच्या मराठवाड्यातील अनेक घरांत आज हीच धडपड चालू आहे, म्हणून तो अनुभव सविस्तर लिहिते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. विधवा, अपंग, परित्यक्ता आणि दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तींना तिच्यातून दरमहा अर्थसाहाय्य मिळते. २०२३ च्या जुलैपासून ही रक्कम हजारावरून १५०० रुपये झाली. वय ६५ च्या आत हवे, राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य हवे, आणि एक तर दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव हवे किंवा विधवेच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. कागदावर हे सोपे दिसते, परंतु यांतील एकेक शब्द सिद्ध करण्यासाठी वेगळा दाखला लागतो आणि प्रत्येक दाखल्यामागे आणखी एक कागद उभा असतो.

पहिली अडचण मृत्यूच्या दाखल्याचीच आली. दिरांचा मृत्यू जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात झाला होता. मृत्यूची नोंद माणूस जिथला त्या गावी होत नाही, तो जिथे वारला तिथे होते. त्यामुळे आमच्या ग्रामपंचायतीत विचारून काही उपयोग नव्हता. नोंद २१ दिवसांच्या आत झाली होती म्हणून विलंबाची भानगड नव्हती. दाखला शहरातील नगरपालिकेकडून घ्यावा लागला, आणि त्यावर दिरांचे नाव आधार कार्डापेक्षा वेगळे लिहिले गेले होते. दवाखान्यात ज्याने घाईत नाव सांगितले त्याने घरात हाक मारायचे नाव सांगितले होते. ती दुरुस्ती होईपर्यंत पुढचे काहीच हलले नाही. दाखला हातात घेताना तिथेच खिडकीपाशी उभे राहून प्रत्येक अक्षर आधारशी ताडून पाहावे, असे मी आता प्रत्येकीला सांगते.

दुसरा प्रश्न शिधापत्रिकेचा होता. आम्ही दोन्ही घरे कित्येक वर्षे वेगळी चूल मांडून होतो, पण शिधापत्रिका सासूबाईंच्या नावाने एकत्रच होती. एकत्र शिधापत्रिकेवर उत्पन्न मोजले तर माझ्या नवऱ्याची कमाईही जाऊबाईंच्या माथी येत होती. म्हणून आधी पुरवठा शाखेत जाऊन शिधापत्रिका विभक्त केली, मग तलाठ्यांचा अहवाल, मग सेतू केंद्रातून उत्पन्नाचा दाखला. सासूबाईंना शिधापत्रिका वेगळी करणे म्हणजे मुलगा गेल्यावर सुनेला घराबाहेर काढणे वाटले आणि त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांची समजूत जाऊबाईंनीच घातली. “कागद वेगळा झाला म्हणून मी वेगळी होते का, आत्याबाई?” एवढेच त्या म्हणाल्या.

उत्पन्नाच्या अटीबद्दल मला मनापासून लिहायचे आहे. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १७५० रुपये. दोन मुलांना घेऊन एवढ्यात कोणतेही कुटुंब जगत नाही. वेचणीच्या हंगामात हात चालवणारी आणि खुरपणीला जाणारी बाई यापेक्षा जास्त कमावतेच, नाही तर ती उपाशी मरेल. राज्याच्याच लाडकी बहीण योजनेत, जी २०२४ च्या जुलैपासून सुरू झाली, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे आणि तिथेही रक्कम १५०० रुपयेच आहे. नवरा हयात असलेल्या, बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी घरातल्या बाईला जी रक्कम मिळू शकते, तीच मिळवण्यासाठी विधवेने मात्र आपण महिन्याला १७५० रुपयांवर जगतो असे लिहून द्यायचे, हा अन्याय आहे. जाऊबाईंचे नाव सुदैवाने दारिद्र्यरेषेच्या जुन्या यादीत, दिरांच्या नावाखाली, होते. ते सापडले आणि त्यांना खोटे लिहून देण्याची वेळ आली नाही. ज्यांची नावे त्या यादीत नाहीत त्यांच्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही.

अर्ज तहसील कार्यालयातील शाखेत दिला आणि पोचपावती घेतली. पोचपावतीवर शिक्का आणि तारीख असल्याशिवाय तिथून हलायचे नाही, हे माझ्या नवऱ्याने बजावून सांगितले होते आणि ते पुढे फार कामी आले. अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातात आणि बैठक होईपर्यंत ते पडून राहतात. या मधल्या काळात गावात एक माणूस घरी येऊन गेला. पहिल्या काही महिन्यांचे पैसे मला द्या, नाव यादीत घालतो, असे त्याचे म्हणणे होते. जाऊबाई जवळजवळ तयार झाल्या होत्या, कारण त्यांच्यावर दुसरीकडून दडपण होते आणि ते दडपण उसाचे होते.

आमच्याकडे ऊसतोडीला नवराबायकोची जोडी जाते आणि त्या जोडीला एक कोयता म्हणतात. तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तीही कोयत्यावर मिळते. दीर गेल्यावर जाऊबाईंचा अर्धा कोयता झाला. दिरांनी घेतलेल्या उचलीपैकी काही रक्कम फिटायची राहिली होती, आणि दसरा जवळ आला तसा मुकादमाचा निरोप आला की मुलगी आता मोठी झाली आहे, तिला घेऊन या म्हणजे कोयता पुरा होईल, मागचे वळते करू आणि वर नवी उचल देऊ. मुलगी नववी पास होऊन दहावीत गेली होती. ऊसतोडीला गेलेली मुलगी चार-पाच महिने शाळेपासून तुटते, आणि आमच्या भागात त्यानंतर बहुतेक वेळा तिचे लग्नच उरकतात, कारण लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. जाऊबाईंना हे सगळे कळत होते. तरीही घरात रोख नसताना उचल नाकारायची कशाच्या जिवावर, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या हंगामात माहेरहून थोडे पैसे आणून त्यांनी मुदत मागून घेतली. मंजुरीचे पत्र हिवाळ्यात आले. पहिले पैसे खात्यावर आले तेव्हा मागच्या काही महिन्यांचे एकदमच आले. जाऊबाईंनी त्यातले बरेचसे उचलीपोटी मुकादमाला दिले आणि वहीवर त्याची सही घेतली. किराणा दुकानातली उधारी त्यांनी दुसऱ्या महिन्यापासून थोडी थोडी फेडली. उधारीवर माल घेणाऱ्याला भाव विचारता येत नाही, दुकानदार सांगेल तो आकडा वहीत चढतो. रोख देऊ लागल्यापासून त्या आठवडी बाजारातून डाळ-तेल आणू लागल्या. पुढच्या वर्षी कापूस घरात आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावात देण्याची घाई त्यांनी केली नाही. आणि मुलगी दहावीच्या परीक्षेला बसली.

१५०० रुपयांत घर चालत नाही, हे इथे स्पष्ट लिहायला हवे. जाऊबाई आजही मजुरीला जातात. फरक पडला तो असा की महिन्याकाठी ठरावीक काहीतरी येणार आहे, ते आपल्या नावाच्या खात्यात येणार आहे, आणि त्यासाठी कोणापुढे मान तुकवायची नाही, या भरवशावर त्यांना काही गोष्टींना नकार देता आला. गावात चावडीवर अजूनही ऐकू येते की सरकार फुकट पैसे वाटते आणि लोक ते दारूत घालवतात. मध्य प्रदेशात २०११ च्या सुमारास सेवा या महिला संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत प्रयोग केला होता. प्रत्येक प्रौढाला दरमहा २०० आणि मुलामागे १०० रुपये कोणतीही अट न घालता दिले, पुढे ते ३०० आणि १५० केले, आणि पैसे न मिळालेल्या गावांशी तुलना केली. मुलांचे पोषण आणि शाळेतील हजेरी सुधारली, घरांनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या, दारूवरचा खर्च वाढल्याचे दिसले नाही. हे वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही, कारण आमच्या घरात मी तेच पाहत होते.

एवढ्यावर सारे सुरळीत झाले असते, पण २०२४ च्या अखेरीस अनुदान देण्याची पद्धत बदलली. तोपर्यंत तहसीलमधून यादी बँकेत जायची आणि पासबुकावरच्या खात्यात रक्कम पडायची. नव्या पद्धतीत रक्कम थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे आधार क्रमांकावरून, जाऊ लागली. जाऊबाईंच्या पासबुकात नोंद येणे थांबले. बँकेत विचारले तर आधार जोडलेले आहे, आमच्याकडून काही अडलेले नाही, असे उत्तर मिळाले. तहसीलमध्ये विचारले तर पैसे गेले आहेत, असे उत्तर मिळाले. दोन्ही उत्तरे खरी होती, आणि त्या दोहोंच्या मध्ये एका विधवेचे काही महिन्यांचे पैसे दिसेनासे झाले होते.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणे वेगळे आणि सरकारी रक्कम घेण्यासाठी ते खाते निवडलेले असणे वेगळे. एका माणसाची चार खाती चार बँकांत असतील आणि चारही आधारला जोडलेली असतील, तरी राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत एका वेळी एकाच बँकेचे नाव असते आणि सरकारी रक्कम तिकडेच जाते. ते नाव आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगच्या रकान्यात दिसते, मात्र त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. जाऊबाईंच्या आधारला दिरांचा नंबर जोडलेला होता आणि तो कधीच बंद पडला होता. म्हणून आधी आधार केंद्रात जाऊन नवा नंबर जोडला. तिथे अंगठा उठेना. वर्षानुवर्षे कोयता आणि खुरपे धरलेल्या हाताच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत. बोटे ओल्या फडक्याने पुसून, एकेक बोट पालटून पाहिले तेव्हा काम झाले.

मग कळले की त्या नोंदीत नाव एका वेगळ्याच बँकेचे आहे. पूर्वी ऊसतोडीला गेल्या असताना कारखान्याच्या गावी कोणीतरी कामगारांची खाती उघडून दिली होती, त्याचे पासबुक जाऊबाईंना कधी मिळालेच नव्हते. पैसे त्या खात्यात सुखरूप साचले होते. बँकेचे नाव कळल्यावर गावातल्याच ग्राहक सेवा केंद्रातून ते अंगठ्यावर काढता आले. त्यानंतर आमच्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरला. त्या अर्जात जुन्या बँकेचे नाव लिहून नोंद इकडे वळवण्यास संमती द्यायची असते. ती चौकट रिकामी सोडली तर नोंद जुन्याच बँकेकडे राहू शकते. पुढच्या महिन्याची रक्कम पासबुकात उतरली.

याच धावपळीत दोन आणखी योजनांची माहिती मिळाली. वारस फेरफार होऊन सातबारावर जाऊबाईंचे नाव लागल्यावर पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे तेवढेच मागता येतात. जमीन वारसाने आली असेल तर ती २०१९ च्या मुदतीआधीपासून नावावर असण्याची अट आड येत नाही. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून प्रत्येक मुलामागे दरमहा २२५० रुपये मिळतात, म्हणजे दोन मुलांचे मिळून निराधार अनुदानाच्या तिप्पट. ही योजना महिला व बालविकास विभागाची असल्याने तहसीलमध्ये कोणी तिचा उल्लेखही केला नव्हता. अंगणवाडीच्या मदतनीस बाईंकडून ती कळली. त्याचे हप्ते वेळेवर येत नाहीत, परंतु आले की मुलांच्या शिक्षणाचा खर्च त्यातून भागतो. मुलगी आता तालुक्याच्या ठिकाणी अकरावीला आहे आणि वसतिगृहात राहते.

एक सूचना मी तहसीलदारांना लेखी दिली आहे. मृत्यूची नोंद सरकारकडेच होते, शिधापत्रिका सरकारकडे आहे, जमिनीचा उतारा सरकारकडे आहे. पन्नाशीच्या आतला विवाहित पुरुष गेल्याची नोंद होताच ग्रामसेवक आणि तलाठी यांनी त्या घरी जाऊन निराधार अनुदान, बालसंगोपन आणि वारस फेरफार असे तीनही अर्ज एका बैठकीत भरून घ्यावेत, म्हणजे मुकादमाचा निरोप येण्याआधी मंजुरीचे पत्र येऊ शकेल. सूचनेची पोचपावती माझ्याकडे आहे. उत्तर अजून आलेले नाही. तोवर गावात असा प्रसंग घडला की जाऊबाई स्वतः त्या घरी जातात आणि पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारतात: दाखल्यावर नाव आधारप्रमाणे लिहून घेतले का?