खाड्यांची किंमत

दूध, पेपर, डबा आणि घरकामाच्या मावशी यांचे खाडे नोंदवणारे एक छोटे अ‍ॅप मी नोकरी सांभाळून, रात्री जागून, दीड वर्षात तयार केले. ते तयार करताना झाला नाही एवढा त्रास मला त्याची किंमत ठरवताना झाला. त्याचे मूळ शोधायचे तर आमच्या परळच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे पाहावे लागेल. तिथे फ्रिजशेजारी खिळ्याला कालनिर्णय टांगलेले आहे, त्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली आहे आणि १४ तारखेच्या चौकटीत आईच्या अक्षरात ‘दूध अर्धाच लि.’ एवढेच लिहिलेले आहे. माझी स्पर्धा या पेन्सिलीशी होती, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

सुरुवातीला अ‍ॅप फुकट ठेवायचे आणि वापरणारे वाढले की पन्नासेक रुपये लावायचे, असा माझा बेत होता. परंतु गूगल प्लेवर एकदा फुकट म्हणून दिलेले अ‍ॅप पुढे विकत करता येत नाही. त्यासाठी नवे अ‍ॅप म्हणूनच ते पुन्हा चढवावे लागते आणि तोवर मिळालेले डाउनलोड व अभिप्राय जुन्या अ‍ॅपपाशीच राहतात. हा नियम मी वाचला तेव्हा अ‍ॅप बाजारात जाऊन महिना झाला होता. फुकट अ‍ॅपच्या आत खरेदीची सोय ठेवता येते, म्हणून मी ‘जाहिराती काढा, ४९ रुपये’ असे बटण दिले. ते दोघांनी दाबले, आणि त्यांपैकी एक माझा मेहुणा होता.

प्रसिद्धीसाठी मी जे जे केले त्यातले बरेचसे सांगण्यासारखे नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर अंगठे पुष्कळ आले. गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेत अर्धे पान घेतले, त्याचे पुण्य तेवढे मिळाले असावे. ऑनलाइन जाहिरातींवर पैसे घातले, तेव्हा लोकांनी अ‍ॅप उतरवून घेतले आणि आठवडाभरात काढूनही टाकले. शिकण्यासारखे होते ते नावाच्या बाबतीत. प्लेवर नावाला ३० आणि थोडक्यात वर्णनाला ८० चिन्हांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत वेलांटी-मात्राही स्वतंत्र मोजल्या जात असल्यामुळे ‘हिशेब’ ही आपली तीन अक्षरे तिथे पाच भरतात. मराठीत सुबक वाटणारे माझे नाव त्यामुळे दोनदा कापावे लागले.

शेवटी जुना मार्ग धरला. हजार पत्रके छापली आणि ती सकाळच्या पेपरांत घालून द्यावीत म्हणून पहाटे साडेचारला स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर गेलो, जिथे आमच्या भागातले पेपरवाले गठ्ठे सोडून पुरवण्या भरत बसतात. त्यांच्यातल्या एका वयस्कर विक्रेत्याने हातातले काम न थांबवता पत्रक वाचले आणि विचारले, “साहेब, हे कोणासाठी काढलंय?” मी म्हणालो, “घराघरांतल्या लोकांसाठी.” त्यांनी मांडीखालून एक वही काढली. पानावर इमारतीचे नाव, खाली खोल्यांचे क्रमांक आणि पुढे तारखांच्या रांगेत फुल्या होत्या. काही फुल्या खोडलेल्या, काहींवर चहाचा डाग. “गिऱ्हाईक कॅलेंडरवर लिहितंय, त्याला काय गरज? बिलाच्या वेळी ते म्हणतं सहा खाडे, माझ्या वहीत चार. भांडत कोण बसणार? मी दोन सोडून देतो. दर महिन्याला, दर इमारतीत.”

पत्रके मी परत आणली. ज्या चुकीचा भुर्दंड गिऱ्हाइकाला कधी पडतच नव्हता ती टाळण्यासाठी त्याने ४९ रुपये का द्यावेत, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. विक्रेत्याचे मात्र त्याहून जास्त पैसे एकेका इमारतीत बुडत होते. मी गिऱ्हाइकाची बाजू कायमची फुकट ठेवली आणि विक्रेत्यासाठी वेगळा भाग तयार केला, ज्यात खाडा दोघांनाही दिसतो आणि महिनाअखेर बिल आपोआप तयार होते.

त्याची किंमत दरमहा आपोआप कापली जाणारी वर्गणी असावी, असे मी धरून चाललो होतो. गूगल प्लेने नोव्हेंबर २०२२मध्ये वर्गणीसाठी यूपीआय ऑटोपे आणल्यापासून कार्ड नसलेल्या माणसालाही ती भरता येते, हा माझा मुद्दा होता. पेपरवाल्यांनी तो ऐकून घेतला आणि सांगितले, “आपोआप काही कापायचं नाही. रिचार्जसारखं करा, मारला की वर्ष चाललं.” प्रीपेड वर्गणीची सोय प्लेवर आहेच, ती मी वापरली आणि वर्षाला ४९९ रुपये ठेवले. २०२१पासून लहान विकसकांना वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलर उत्पन्नावर गूगलच्या कमिशनचा तीसऐवजी १५ टक्के दर लागू झाल्यामुळे त्यातले सुमारे ७५ रुपये जातात आणि कराचा हिशेब बाजूला ठेवला तर ४२४ उरतात. रिचार्ज संपत आल्याची आठवण मी महिन्याच्या दहा तारखेनंतरच पाठवतो, कारण बिलांची वसुली पहिल्या आठवड्यात होते आणि त्याआधी कोणाच्याही हातात पैसे नसतात.

नवी जाहिरात मी केली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर जाणाऱ्या प्रत्येक बिलाच्या तळाशी अ‍ॅपचे नाव छापले, एवढेच. त्यावरही फुटपाथवरून तक्रार आलीच. “बिलावर तुमच्या अ‍ॅपचं नाव माझ्या नावापेक्षा मोठं दिसतंय. तेवढं बारीक करा, मग दादरच्या पोरांना सांगतो.” त्याच रात्री मी ते दोन मापांनी लहान केले.