भिगवणला नेलेली भाड्याची तोफ

पक्ष्यांच्या फोटोंसाठी लांब पल्ल्याची लेन्स विकत घ्यायच्या आधी एकदा पाण्यावर नेऊन बघायची, असं ठरवून फेब्रुवारीतल्या एका पहाटे पुण्याहून निघालो. बॅगेत माझी जुनी ७०-३०० लेन्स आणि दोन दिवसांसाठी भाड्याने आणलेली १५०-६०० (हे आकडे मिलिमीटरमधले; आकडा मोठा, तितकं दृश्य जवळ). सोलापूर रस्त्याने भिगवण साधारण शंभर किलोमीटर, तिथून आत कुंभारगाव. उजनी धरणाचा फुगवटा इथवर पसरलाय.

आमचा नावाडी तिथलाच मच्छीमार. मी तिपाई काढली तसा हसला. "सर, तोफ मांडीवर घ्या. तीन पाय इथं नाय चालायचे."

खरंच होतं. इंजिनची थरथर तिपाईतून थेट कॅमेऱ्यात चढते. कोपर गुडघ्यावर टेकवून लेन्स धरली तर शरीर ती थरथर बरीचशी गिळतं. पण लेन्सच दोन किलोची, वर कॅमेरा. पाऊण तासात मनगट बोलायला लागलं.

उजाडताना नदी सुरय हे पक्षी पाण्यावर सूर मारत होते. ६०० वर ही लेन्स एफ ६.३ च्या पुढे उघडत नाही, म्हणजे आत उजेड कमीच येतो. त्या उजेडात शटर १/२००० सेकंदावर ठेवलं की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, कुठल्या कुठे चढवावी लागते आणि फोटो दाणेदार होतो; शटर हळू केलं तर पंख हलतात. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, पक्ष्याचे पंख थोडेच थांबवतं! पहिले तीसेक फोटो तिथेच पुसले.

पुढे उथळ पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, होते. नावाड्याने इंजिन बंद केलं आणि बांबूने नाव हळूहळू रेटली. ३०० वरून ६०० वर गेलं की पक्षी फ्रेममध्ये चौपट जागा घेतो, हे गणित पाठ होतं. व्ह्यूफाइंडरमध्ये बघताना अंगावर काटा आला. उलटी धरलेली चोच, तिचा काळा शेंडा, गाळून निथळणारं पाणी. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर (फोटो टिपणारा भाग) छोटा, तो दृश्याचा मधलाच भाग घेतो, त्यामुळे ६०० वरही दृश्य ९०० इतकं जवळ येत होतं.

तेवढ्यात दुसरी एक नाव सरळ थव्यात घुसली. उडतानाचा फोटो हवा होता म्हणे. चरणारे पक्षी उठवून काढलेल्या फोटोचं मला कौतुक नाही, पण थवा उठला तेव्हा माझंही बोट शटरवर होतंच. हाती काय लागलं? माना आणि अर्धे पंख. अख्खा थवा मावेल अशी ७०-३०० मात्र बॅगेच्या तळाशी.

दहा वाजता पलीकडच्या काठावर पट्टकादंब ही रानबदकं दिसली. सगळे फोटो मऊ, धूसर. लेन्सला मनातल्या मनात शिव्या घातल्या, मग लक्षात आलं की मधली तापलेली हवाच थरथरतेय. तिथे लाखभराची लेन्सही हात टेकते. किनाऱ्यावर जाऊन चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी खाल्ली, ते बरं.

संध्याकाळी पळसदेवला गेलो. धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर पाण्याबाहेर होतं. काठावरून बरंच मागे सरकलो आणि जुनी लेन्स २०० वर लावली. पुढची होडी, शिखर आणि सूर्य एकमेकांना खेटून बसले. जवळ उभा असतो तर होडीपुढे शिखर चिमुकलं दिसलं असतं. ६०० वर यातलं काहीतरी एकच मावलं असतं.

सोमवारी तोफ परत केली आणि त्याच दुकानात वापरलेल्या १००-४०० ची चौकशी करून आलो. चोच थोडी लहान येईल. फोटो क्रॉप करीन, म्हणजे कडा कापून चोच मोठी करीन.