एक डोकं, तीन दुखणी

मी मुद्रितशोधन करते, त्यामुळे मजकुरातून अक्षर गळलं की आधी टाइप करणाऱ्यावर संशय येतो. त्या दिवशी 'परिणाम'मधला 'णा' दिसेना. पुढच्या शब्दाकडे पाहिलं तर त्याचंही मधलं अक्षर गायब! मग त्या रिकाम्या जागेभोवती चमचमती, करवतीच्या दात्यांसारखी रेघ उमटली आणि पसरत पसरत कडेला सरकली. एक डोळा झाकला, मग दुसरा. दोन्हींत तीच. वीसेक मिनिटांत रेघ विरली आणि उजवं कानशील ठणकायला लागलं.

तोवर घरात माझ्या डोकेदुखीचं एकच नाव होतं, 'सायनस'. मीच ठेवलेलं. कपाळ दुखतं, नाक चोंदतं, मग दुसरं काय असणार? अर्धशिशीतसुद्धा नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा खरं तर रागच आला. इतकी वर्षं घेतलेल्या वाफा फुकट!

त्यांनी तपासलं आणि स्कॅनऐवजी कॅलेंडर भरायला सांगितलं. (मला स्कॅनच हवा होता. मशीनमध्ये जाऊन आलं की बरं वाटतं.) कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, कुठे दुखलं, कोणती गोळी घेतली, असं तीन महिने लिहायचं. पहिल्याच महिन्यात माझ्या 'सायनस'चे दोन तुकडे पडले.

एक ताणाची. संध्याकाळी येणारी, दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखी, मानेपासून खांद्यापर्यंत जड. ठणका नाही, मळमळ नाही. कुरकुरत का होईना, काम होतं. दुसरी अर्धशिशी. तिच्यात फ्रीजची घरघरही सोसत नाही, खोलीत अंधार लागतो, पोटात ढवळतं. औषध घेतलं नाही तर ती 4 ते 72 तास टिकू शकते. अक्षरं खाणारी रेघ मात्र दर वेळी येत नाही. कित्येकांना तर ती कधीच दिसत नाही. मला ओळख पटते ती जिन्यावर. ताणाची असेल तर वर जाता येतं. अर्धशिशीत प्रत्येक पायरी डोक्यात वाजते.

तिसरं दुखणं मी गोळ्यांचे दिवस मोजले तेव्हा सापडलं. 17! एका महिन्यात. ज्याला मुळात डोकेदुखी आहे त्याने साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर गोळीच डोकं दुखवायला लागू शकते. ट्रिप्टान (अर्धशिशीवरचं खास औषध) किंवा मिश्र, म्हणजे एकाहून जास्त औषधं असलेल्या, गोळ्यांना 10 दिवसही पुरतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या बंद केल्या. पहिला आठवडा कसा गेला ते विचारू नका.

आता अर्धशिशीसाठी ट्रिप्टान आहे. ठणका सुरू होताच घ्यायचं, 'बघू अजून तासभर' करायचं नाही. हृदयविकार असलेल्यांना ते चालत नाही, म्हणून माझी गोळी कुणाला उसनी देत नाही. ताणाच्या दुखण्याला स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर आणणं आणि मधूनमधून उठणं एवढ्यानेच बराच फरक पडला. जेवणाची वेळ टळली किंवा सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळले की अर्धशिशी हजर, हेही कॅलेंडरनेच दाखवलं.

माझ्या एका सहकाऱ्याचं दुखणं आणखी वेगळं, क्लस्टर नावाची डोकेदुखी. रोज रात्री ठरावीक वेळी एका डोळ्यामागे भोसकल्यासारखं. तो डोळा लाल, त्यातून पाणी. मी अंधारात निपचित पडते. त्याला पडवतच नाही, येरझाऱ्या घालतो. मास्कने ऑक्सिजन घेतला की त्याला उतार पडतो.

कॅलेंडरच्या मागे मी लाल पेनाने लिहून ठेवलंय. मिनिटभरात शिगेला पोचणारी भयंकर डोकेदुखी, तापासोबत मान आखडणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं: तडक इस्पितळ, गोळी घेऊन वाट पाहायची नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही लगेच दाखवायची. चावताना जबडा दुखत असेल किंवा नजर जात असेल तर त्याच दिवशी.

या महिन्यात आतापर्यंत ताणाच्या चार खुणा, अर्धशिशीची एक, गोळीचीही एकच. आज सकाळपासून जांभयांवर जांभया येताहेत, आणि माझ्या बाबतीत ही आदल्या दिवशीची सूचना असते. उद्याची पानं आजच वाचून टाकते.