फर्लोनंतर कामावर परतताना

कोरोनाकाळात काम थांबलेल्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मोठा भाग सरकारने देण्याची ब्रिटनची फर्लो योजना ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली आणि मी कामावर परतले, तेव्हा सुरुवातीला माझे लक्ष कामापेक्षा कोणाकोणाच्या खुर्च्या रिकाम्या आहेत याकडेच अधिक होते. घरी बसून पगाराचे ८० टक्के, महिन्याला कमाल २,५०० पौंड, मिळत होते, ही सोय लहान नव्हती. परंतु जुलैपासून पगाराच्या १० टक्के आणि ऑगस्टपासून २० टक्के भार मालकांवर पडू लागला, तेव्हाच कंपन्यांचे हिशेब बदलणार हे दिसत होते.

आमच्यासारख्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांची काळजी तर दुहेरी, कारण नोकरी गेल्यास व्हिसा पुरस्कृत करणारा दुसरा मालक शोधायला साधारणपणे ६० दिवसच मिळतात. पुण्याला आईशी फोनवर बोलताना मी हा विषय टाळतच असे.

नोकरकपातीची कायदेशीर भरपाई फर्लोच्या नव्हे, तर नेहमीच्या पगारावर मोजावी, असा नियम सरकारने जुलै २०२० मध्येच केला होता. मात्र सलग दोन वर्षांची नोकरी नसल्यास ती भरपाईच मिळत नाही, आणि माझी दोन वर्षे डिसेंबरात भरणार होती. अखेर मी साहेबांना थेट विचारले. ते म्हणाले, नाताळापर्यंत काहीच ठरणार नाही.